राज्यघटनेत फोन कशाला?



घटनेचे बोलणे वकिलांनी बोलावे, आपण कापसाच्या भावाचे बोलू, असे काही जण म्हणतील. भावाचे बोलूच. आधी चिलीचे ऐका.

दक्षिण अमेरिकेतला हा देश. घटना १९८० ची, लष्करशहा पिनोशेच्या राजवटीतली. १९८१ च्या कायद्याने तिथे पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडून विकता येऊ लागला. पेतोर्का नावाच्या कोरड्या भागात निर्यातीच्या अवोकाडोच्या बागा हिरव्यागार आणि वस्त्यांना पाणी टँकरने. आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

२०१९ मध्ये तिथले लोक रस्त्यावर उतरले. २०२१ मध्ये नवी घटना लिहायला १५५ जणांची सभा निवडून आली. बाया निम्म्या हव्यात हा नियमच होता, ७७ आल्या. (आपल्या घटना समितीत १५ होत्या.) पहिल्या अध्यक्ष एलिसा लोंकोन, मापुचे या आदिवासी समाजाच्या. पाणी कोणाच्या मालकीचे नाही, असे मसुद्यात लिहिले गेले. त्यातच आणखी एक कलम आले: इंटरनेटवर हिंसेविना वावरण्याचा प्रत्येकाला हक्क, आणि बायांना, मुलांना खास संरक्षण. जोडणी मिळणे हासुद्धा हक्क.

हे शहरी चोचले आहेत काय? आपल्याकडे पीकपाहणी फोनवर, अनुदानाचा ओटीपी फोनवर. निंदणी, वेचणी बाईची. सातबारा बाप्याचा आणि फोनही बाप्याचा. तिच्या खात्यात पैसे आले तरी ते आधी त्याला कळतात.

४ सप्टेंबर २०२२ ला चिलीत मतदान झाले. ६२ टक्के लोकांनी मसुदा नाकारला. पेतोर्कानेही! कलमे ३८८, एवढे कोण वाचणार? लिहिणारे गावात समजावायला कमी पडले, असे आमचे मत. घरे सरकार काढून घेणार, ही खोटी बातमी मात्र फोनाफोनी पोचली. लोंकोनबाईंना शिवीगाळ झाली तीही त्याच वाटेने. डिसेंबर २०२३ मध्ये दुसरा मसुदाही पडला. जुनी घटना राहिली.

आपल्याकडे २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभेत बायांना एकतृतीयांश जागा लिहून दिल्या. अट घातली जनगणनेची आणि मतदारसंघ फेररचनेची. फोनचा त्यात शब्द नाही.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीला येताना गावातला एक आकडा आणा. किती बायांच्या बँक खात्याला त्यांचा स्वतःचा नंबर जोडलेला आहे? पुरुषांना विचारू नका, बायांनाच विचारा. मग भावाचे बोलू.