लोणावळ्यातील ‘साधना’
मावळ तालुक्यात, लोणावळ्यात, येशूसंघाची ‘साधना’ ही संस्था असून मुंबईत १९३१ साली जन्मलेले फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात आरंभलेले हे कार्य पुढे येथे स्थिरावले. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी घालून दिलेली, मौनात सुमारे ३० दिवस चालणारी मननप्रार्थना, जिच्यात साधक शुभवर्तमानातील प्रसंग कल्पनेने अनुभवतो, तिला डिमेलो यांनी श्वासाकडे व शारीरिक संवेदनांकडे लक्ष देण्याची, विपश्यनेशी जवळीक असलेली रीत जोडली. ईश्वरासमोर शब्दांविना राहणे, म्हणजेच ध्यानप्रार्थना, केवळ मठवासीयांपुरती नाही, हे १९७८ च्या ‘साधना’ या इंग्रजी पुस्तकातून पटवणे हेच त्यांचे खरे योगदान मानावे लागेल. त्यांच्या निधनानंतर १९९८ साली व्हॅटिकनने त्यांची काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत ठरवली, परंतु सुरुवातीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत असल्याचेही त्याच पत्रकात नमूद केले.