हँडब्रेकची केबल
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सचिवांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "हँडब्रेकची केबल." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुसरा काही नाही काय जी?" दुसरा होता, पण या विषयावर बोलायचं मी आईला कबूल केलं आहे. का ते पुढे येईलच.

मी राज्य शासनाच्या सेवेत आहे. शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. आपल्या मोहगावात आमच्या घरासमोर उभी असलेली पांढरी ॲम्बेसेडर तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. ती बाबूजींनी जुनीच विकत घेतली होती. संत्र्याच्या हंगामात तिनं माणसं नेली, क्रेट नेले, आणि गावातल्या निम्म्या नवरदेवांची वरातही नेली. बाबूजी गेल्यावर ती माझ्याकडे आली.

या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगतो. हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी 1942 मध्ये स्थापन झाली. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री या गाडीवरून ॲम्बेसेडर तयार झाली आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 2014 च्या मे महिन्यापर्यंत ती तिथे बनत राहिली. आमच्यासारख्या सरकारी नोकरांना तिची वेगळी ओळख नको. साहेब म्हटलं की पांढरी ॲम्बेसेडर, असा तो काळ होता.

आता घडलेली गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात आईला डॉक्टरांकडे दाखवायला छिंदवाड्याला निघालो होतो. सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. चढावर इंजिन तापलं. मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, गियर न्यूट्रलला टाकला आणि इंजिन सुरूच ठेवून बॉनेट उघडलं, म्हणजे पंखा फिरत राहील आणि रेडिएटर थंड होईल. आई मागच्या सीटवर बसली होती. पाच-सात मिनिटं झाली असतील. खालून "टक" असा आवाज आला, आणि माझ्या हाताखालची गाडी हलली. आई ओरडली, "बाळू, गाडी चालली रे!"

मी दरवाजाकडे धावलो, पण बॉनेटपासून दरवाजापर्यंतचं ते अंतर किती लांब असतं ते त्या दिवशी कळलं. मागे एक ट्रक उभा होता. त्याच्या क्लीनरनं एक मोठा गोटा उचलला आणि मागच्या चाकाखाली सरकवला. गाडी थांबली. सगळी मिळून दहा-बारा फूट सरकली असेल. आईला काही झालं नाही. तो पोरगा हात झटकत एवढंच म्हणाला, "काकाजी, गियरमध्ये नाही टाकली काय?"

मी त्याला काय उत्तर देणार? मी डिप्लोमावाला.

घाटातून गाडी गियर आणि पायाच्या ब्रेकवर सांभाळत घरी आणली. रविवारी सौंसरचे आमचे एक जुने मिस्त्री आले आणि आम्ही दोघांनी ती उघडली. काय सापडलं, ते समजण्यासाठी हँडब्रेक काम कसा करतो ते आधी पाहू.

पायाचा ब्रेक तेलावर चालतो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो आणि चारही चाकांचे शू ड्रमला घासतात. जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरचं तेल जातं. एका ठिकाणी पाइप फुटला की पेडल सरळ खाली. म्हणून दुसरा ब्रेक तेलाशिवाय चालणारा हवा. तो हँडब्रेक. मूठ ओढली की केबल ओढली जाते आणि ती मागच्या दोन चाकांच्या शूंना ड्रमवर दाबते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्येसुद्धा पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक हे एकमेकांपासून स्वतंत्र असावेत असं सांगितलं आहे. पार्किंगसाठी म्हणून त्याचं नाव पार्किंग ब्रेक, पण अडीअडचणीला तोच एक उरतो.

केबलची युक्तीही जुनीच. आतली तार ओढायची आणि बाहेरचं आवरण त्या ओढीला टेकू द्यायचं. अर्नेस्ट बाऊडेन यानं 1896 मध्ये तिचं पेटंट घेतलं. तुमच्या सायकलच्या ब्रेकला तीच, स्कूटरच्या क्लचला तीच. आवरण शाबूत तोवर तार शाबूत. आवरणाला चीर गेली की पाणी आत शिरतं, तार गंजते आणि एकेक पदर तुटत जातो. वरून काहीच दिसत नाही. आमच्या केबलचं नेमकं हेच झालं होतं. आवरण जिथं वळण घेतं तिथं फाटलेलं, आतले बरेचसे पदर आधीच तुटून गंजलेले, आणि उरलेले चमकदार टोकांचे. म्हणजे ते घाटात तुटले.

मिस्त्रींनी ते तुकडे माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, "ही इतकी आवळली कोणी होती?"

मी आवळली होती. आठ-नऊ वर्षं. मूठ ढिली वाटली की खाली वाकायचं, नट दोन आटे फिरवायचा, झालं काम. आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट इथं आहे. मूठ ढिली होते, ती बहुतेक वेळा केबल लांबल्यामुळे नाही. शूचं लायनिंग झिजतं, शू आणि ड्रममधली फट वाढते आणि म्हणून मूठ जास्त ओढावी लागते. दोष चाकात, आणि आपण आवळतो केबल. मग मूठ सोडलेली असतानाही केबल ताणात राहते, शू पूर्ण मागे जात नाहीत, ड्रम तापतो. सगळा भार त्या बिचाऱ्या तारेवर येतो. मी दरवर्षी दुरुस्ती करत नव्हतो, दरवर्षी तिचे पदर तोडत होतो.

आता काम कसं केलं ते क्रमानं सांगतो. गाडी सपाट जागी घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गोटे लावा. आपल्या जिल्ह्यात गोट्यांची कमी नाही, पांढुर्ण्याला तर त्यांची जत्राच भरते. हे गोटे विसरायचे नाहीत, कारण मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग उरत नाही. जुन्या सरकारी जीपमध्ये तर हँडब्रेक चाकात नव्हता, तो गियरबॉक्सच्या मागे शाफ्टवर होता. तिचं एक मागचं चाक उचललं की दुसरं चाक डिफरन्शियलमुळे मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही जीप जॅकवरून घसरू शकते. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, घोडी लावायचीच.

मग मूठ पूर्ण सोडून ड्रम काढा. आतली धूळ फुंकर मारून उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जातं. ओल्या फडक्यानं पुसा. लायनिंग झिजलं असेल तर दोन्ही बाजूंचे शू बदला. केबलच्या टोकाची पिन आणि तिची कॉटर पिन काढा. जुनी केबल फेकू नका, नवी तिच्याशी लावून मोजा. मी नागपूरहून आणलेली पहिली केबल चार बोटं लांब निघाली आणि पुन्हा नागपूरची खेप पडली.

नवी केबल बसवताना तिला जुन्याच वाटेनं न्या, तीक्ष्ण वळण देऊ नका, सायलेन्सरपासून दूर ठेवा. सांध्यांना ग्रीस द्या, पण शूला ग्रीसचं बोटही लागू देऊ नका. कॉटर पिन नवी घाला. आणि मग क्रम पाळा: आधी चाकातल्या ॲडजस्टरनं शू जुळवा, चाक अडेपर्यंत आवळून नंतर मोकळं फिरेल इतकं मागे घ्या. केबलचा नट सगळ्यात शेवटी. आमच्या गाडीत चौथ्या-पाचव्या दाताला दोन्ही चाकं सारखी धरतात आणि मूठ सोडली की दोन्ही मोकळी फिरतात. एक धरतं आणि दुसरं फिरतं, असं असेल तर काम झालेलं नाही.

दोन रविवार गेले. खर्च म्हणाल तर नागपूरच्या दोन खेपांचं पेट्रोलच केबलपेक्षा महाग पडलं.

काम संपल्यावर आई ओट्यावरून म्हणाली, "तुझे बाबूजी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करायचे आणि दुसऱ्या दिवशी गाडीखाली शिरायचे. म्हणायचे, इचाही खांदा पाहाले पायजे." मला आठवलं. लहानपणी मी टॉर्च धरायचो. ते प्रत्येक जोडावर बोट फिरवून पाहायचे आणि मी कंटाळायचो. ते शिकले होते सातवी. मी डिप्लोमा झालो आणि नट फिरवायला शिकलो.

आई पुढे म्हणाली, "हे मंडळात सांगशील. गावात किती गाड्या आहेत, अन् किती म्हाताऱ्या मागच्या सीटवर बसतात." म्हणून आज उभा राहिलो.

तेव्हा एकच विनंती करतो. पुढच्या महिन्यात दसरा आहे. आपण गाड्या धुऊ, हार घालू, लिंबू ठेवू. त्याआधी गाडी हलक्या चढावर न्या. रिकामी, मागे कोणी नाही हे पाहून. तुम्ही स्वतः सीटवर बसा, हँडब्रेक ओढा, गियर न्यूट्रलला टाका आणि पायाचा ब्रेक हळू सोडा. पाय मात्र पेडलवरच राहू द्या. गाडी सरकली तर नट आवळू नका. चाक उघडून पाहा. आणि चढावर गाडी सोडून उतरायचं असेल तर इंजिन बंद, गाडी गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाखाली गोटा. चारही पाहिजेत.

आमच्या डिकीत आता बाभळीचे दोन ठोकळे आहेत. बाबूजींचेच, गोठ्यात सापडले.

घाटातल्या त्या पोराचं नाव विचारायचं राहून गेलं. तो जिथं असेल तिथं सुखी असो.

गणपती बाप्पा मोरया!