प्रतिमा, निर्णय आणि यकृतातील कर्करोग

(जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावरील खर्च हा विषय आपल्यापुढे सहसा टक्केवारीच्या रूपाने येतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता. 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. हे आकडे आपणांस पाठ असतील. आज मी त्यांच्या आत दडलेल्या एका लहानशा भागाविषयी बोलणार आहे. कर्करोग यकृतात पसरला असता पुढील उपचार ठरविण्यासाठी ज्या प्रतिमा काढाव्या लागतात, त्यांचा हा विषय. मी वैद्यक शाखेचा नाही. अर्थशास्त्र मात्र येथे एक सरळ प्रश्न विचारू शकते: या तपासणीमुळे कोणता निर्णय बदलणार आहे?

आतड्यांतून निघणारे रक्त पोर्टल शिरेवाटे प्रथम यकृतात येते. त्यामुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींचा पहिला मुक्काम बहुधा यकृतातच पडतो. अशा दुय्यम गाठी म्हणजे रोगाची अखेर, असे पूर्वी मानले जाई. आज निवडक रुग्णांत त्या शस्त्रक्रियेने काढता येतात. कारण यकृत पुन्हा वाढू शकणारे इंद्रिय आहे. निरोगी यकृताचा पाचवा ते चौथा हिस्सा मागे राहिला तरी रुग्ण तरून जाऊ शकतो. प्रदीर्घ केमोथेरपी झालेली असल्यास ही मर्यादा सुमारे 30 टक्क्यांपर्यंत वर जाते. गाठी किती, त्या कोणत्या रक्तवाहिनीला चिकटल्या आहेत आणि कापल्यानंतर उरणाऱ्या यकृताचे आकारमान किती, हे शस्त्रक्रियेआधी प्रतिमेवरूनच मोजावे लागते. गाठ 3 सेंटिमीटरपर्यंतची असेल तर सुईवाटे मायक्रोवेव्हची उष्णता देऊन ती नष्ट करण्याचा पर्यायही असतो. योग्य निवड केलेल्या रुग्णांत हा पर्याय शस्त्रक्रियेपेक्षा उणा नाही, असा निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोलिजन’ या चाचणीने काढला. याउलट, पित्ताशयाचा कर्करोग यकृतात दूरवर पसरलेला दिसला, तर शस्त्रक्रियेचा मार्ग बहुधा बंद होतो. पडद्यावरचे डाग सारखे दिसले तरी मूळ रोगानुसार निर्णय वेगळा असतो.

आता तपासण्यांकडे वळू. कोणते यंत्र ‘सर्वांत चांगले’, असा प्रश्न आपण विचारतो आणि बहुधा सर्वांत महाग यंत्राचे नाव घेतो. कॅनडात झालेल्या व 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांच्या यकृतातील गाठी सीटी स्कॅनवरून काढण्याजोग्या ठरल्या होत्या अशा रुग्णांची पेट-सीटी तपासणी करण्यात आली. शस्त्रक्रियेचा बेत बदलला तो 8 टक्के रुग्णांत, आणि आयुर्मानात उल्लेखनीय फरक आढळला नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅमिनो’ या बहुराष्ट्रीय अभ्यासात सीटीनंतर यकृताचा एमआरआय काढला असता 298 पैकी 92 रुग्णांत, म्हणजे 31 टक्क्यांत, स्थानिक उपचारांचा आराखडा बदलला. दोन्ही अभ्यासांची रचना भिन्न आहे, त्यामुळे हे आकडे एकाच तराजूत घालता येणार नाहीत. तरीही आपल्याकडे एमआरआय सामान्यतः पेट-सीटीपेक्षा स्वस्त पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे किंमत आणि उपयुक्तता यांची फारकत कशी होते ते कळते. यकृताबाहेर रोग आहे काय, हा प्रश्न असेल तेथे पेट-सीटीचे स्थान निर्विवाद आहे. न्यूरोएंडोक्राइन प्रकारच्या गाठींत तर गॅलियम-68 वापरून काढलेली पेट प्रतिमाच सांगते की ल्युटेशियम-177 या किरणोत्सारी औषधाचा रुग्णास लाभ होण्याची शक्यता आहे की नाही. हे ल्युटेशियम तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार होते.

यातही वेळेचे अर्थशास्त्र अधिक कठोर आहे. केमोथेरपीनंतर सीटीवरून काही गाठी दिसेनाशा होतात. रुग्णाला आनंद होतो, आणि तो स्वाभाविक आहे. परंतु 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात अशा 66 ‘अदृश्य’ जागांपैकी 55 ठिकाणी, म्हणजे 83 टक्के जागांत, रोग शिल्लक होता किंवा लवकरच परतला. गाठ पूर्वी नेमकी कोठे होती हे दाखविणारी, उपचारांपूर्वीची प्रतिमा हाती नसेल, तर शल्यचिकित्सकाने चिरा कोठे द्यावा? आरंभीची ती तपासणी चुकली की नंतर कितीही पैसा ओतला तरी ती विकत मिळत नाही. भांडवली खर्चाच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच येतो.

जबलपूरच्या संदर्भात हे सारे पाहू. येथील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय 1955 साली स्थापन झाले. केंद्राच्या तृतीय स्तर कर्करोग सेवा योजनेत मंजूर झालेल्या 19 राज्य कर्करोग संस्थांपैकी एक याच महाविद्यालयाच्या वाट्याला आली. मंडला, दिंडोरी, सिवनी आणि मराठी बोलणाऱ्यांची वस्ती असलेला बालाघाट हे जिल्हे या शहराच्या परिसरातील. तथापि, इमारत व यंत्र यांच्यापलीकडेही एक पुरवठा साखळी असते. पेट-सीटीसाठी लागणारे फ्लोरिन-18 सायक्लोट्रॉनमध्ये तयार होते आणि त्याचे अर्धायुष्य केवळ 110 मिनिटांचे आहे. समजा, हे द्रव्य नागपूरहून रस्त्याने आणावयाचे आहे. साडेपाच तासांच्या प्रवासात तीन अर्धायुष्ये सरतात, म्हणजे निघताना आठ मात्रा भराव्यात तेव्हा येथे एक मात्रा पोहोचते. नाशवंत मालाचा इतका चोख हिशेब भाजीबाजारातही सापडणार नाही! सीटी किंवा एमआरआय यंत्राला हे बंधन नाही. म्हणून मर्यादित निधीत प्राधान्य ठरविताना उत्तम एमआरआय आणि ते वाचणारा अनुभवी तज्ज्ञ यांना मी आधी स्थान देईन.

मुंबई येथून सुमारे एक हजार किलोमीटर. टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून देशभरातील रुग्णांचा आधार आहे, पण प्रत्येक रुग्णाने तेथवर जाणे आवश्यक आहे काय? सोबत्याची बुडालेली मजुरी, भाड्याची खोली, रेल्वेचा खर्च हे कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही. 2012 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने अनेक केंद्रांतील तज्ज्ञांना दूरस्थ चर्चेत एकत्र आणले आहे. तेथे रुग्णाऐवजी प्रतिमा प्रवास करते. मात्र त्यासाठी प्रतिमा मूळ अंकीय स्वरूपात हवी. फिल्मवर छापलेली निवडक चित्रे यकृताचे आकारमान मोजण्यास अपुरी पडतात, आणि रुग्णाच्या पिशवीत नेमकी फिल्मच असते. तपासणी केंद्राने प्रत्येकास सीडी द्यावी, एवढ्या साध्या अटीने किती पुनर्तपासण्या वाचतील, याचा हिशेब कोणी तरी करावयास हवा.

शेवटी विम्याविषयी. 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार देते. दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि सुटीनंतरचे 15 दिवस यांतील खर्चाचीही तीत तरतूद आहे. परंतु आपण ज्या प्रतिमांविषयी बोलत आहोत त्या दाखल व्हावयाचे की नाही, आणि कोठे, हेच ठरविण्यासाठी असतात. त्या आठवडेच्या आठवडे आधी काढल्या जातात. तीन दिवसांच्या या खिडकीत त्या बहुधा बसत नाहीत, आणि तेवढ्यासाठी बालाघाटच्या एखाद्या शेतकऱ्याला बैल किंवा दागिना विकावा लागू शकतो. शस्त्रक्रिया विनामूल्य असली, तरी तिच्यापर्यंत नेणारा रस्ता अद्याप पथकराचा आहे.