मुक्त कार्यप्रणाली आणि यंत्रांचे कारखानदार



मध्यंतरी आमच्या तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या गुरुजींनी मला बोलावणे पाठविले. शाळेत दहा संगणक, सगळे धडधाकट. पण त्यांच्यावर होती विंडोज १०. तिच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या आणि पुढची विंडोज ११ ही जुनी यंत्रे स्वीकारीना. "सर, भंगारात घालायचे का हे?" गुरुजींनी विचारले. आम्ही दोन रविवार बसून दहाही संगणकांवर डेबियन लिनक्स घातली. संगणक छान चालू लागले. प्रिंटर मात्र हूं की चूं करीना! त्याच्या कारखानदाराने विंडोजपुरतीच सोय केलेली. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका तालुक्याला जाऊन छापून आणाव्या लागल्या. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. यंत्रे बनविणाऱ्यांनी ह्या मुक्त प्रणालींना मदत करावी का, आणि करावी तर कोणत्या?

कार्यप्रणाली म्हणजे संगणकातला पाटकरीच म्हणा ना. कोणत्या कामाला केव्हा नि किती पाणी सोडायचे हे तो ठरवितो. पण त्यासाठी प्रत्येक चारीचे दार कसे उघडते हे त्याला ठाऊक हवे. ते सांगणारी जी छोटी आज्ञावली असते तिला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी कारखानदार ती स्वतः लिहून देतात, कारण गिऱ्हाईक तिथे मोठे. लिनक्सची गोष्ट निराळी. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने ती सुरू केली. तिचे मूळ लेखन कोणीही वाचावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे. कारखानदाराने माहिती दिली नाही, की बिचारे स्वयंसेवक यंत्राला काय सांगितले म्हणजे ते काय करते, हे चाचपून पाहात बसतात. त्यात महिने जातात, कधी वर्षे.

गंमत अशी की ह्या साऱ्या चळवळीच्या मुळाशीही एक प्रिंटरच आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेत एम.आय.टी. ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला. कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत सुधारणा करून, कागद अडकला की संगणकावर बसलेल्यांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्याचीही तशीच करावी म्हणून त्यांनी मूळ लेखन मागितले. ज्याच्याकडे ते होते त्याने, गुप्ततेचे वचन दिले आहे, असे सांगून नकार दिला. हा नकार त्यांच्या मनाला लागला. १९८३ साली त्यांनी ग्नू ह्या मुक्त प्रणालीची घोषणा केली.

आता मूळ प्रश्न. लिनक्सचे डेबियन, फेडोरा, उबुंटू असे नाना अवतार आहेत, आणि दर वर्षी आणखी निघतात. त्यांतले काही तर नुसते पडद्यावरचे चित्र बदलून नवे नाव घेतलेले असतात. कारखानदार म्हणतो, एवढ्यांपैकी कोणाकोणाला पुरा पडू? माझे म्हणणे असे, की त्याने अवतारांतून निवड करूच नये. ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य गाभ्यात स्वीकारला गेला की तो सर्वांकडे आपोआप पोचतो. धरणात पाणी आले की प्रत्येक शिवारात टँकर पाठवावा लागत नाही, तसेच हे.

पण लोकप्रियता हे एकच माप लावाल तर फार मोठी चूक होईल. कॅनडातील कॅलगरी शहरी थिओ द राट ह्यांनी १९९५ साली ओपनबीएसडी नावाची प्रणाली सुरू केली. वापरणारे थोडे, लिहिणारे त्याहून थोडे. पण सुरक्षिततेविषयी कमालीचे काटेकोर. ह्या मंडळींनी १९९९ साली ओपनएसएसएच तयार केले. दूरच्या संगणकाशी कोणी चोरून ऐकू नये अशा रीतीने बोलण्याचे ते साधन. आज ते लिनक्समध्ये आहे, ॲपलच्या मॅकमध्ये आहे, २०१८ पासून विंडोजमध्येही आहे, आणि जाळ्यांची यंत्रे बनविणाऱ्या कित्येक कंपन्यांच्या मालात आहे. म्हणजे साऱ्या जगाने ज्यांचे कुलूप दाराला लावले, त्यांची ही कथा! आणि २०१४च्या जानेवारीत ह्याच प्रकल्पाला विजेचे बिल भरता येईना. सुमारे २०,००० डॉलरची गरज होती. न मिळाल्यास काम थांबेल असे त्यांनी जाहीर केले. देणगीदार धावले, काम वाचले. २०१५ साली मायक्रोसॉफ्टनेही मोठी देणगी दिली. पण ज्यांच्या प्रत्येक यंत्रात हे कुलूप जाते, त्या कारखानदारांना विजेचे बिल येईपर्यंत आठवण होऊ नये?

शिवाय ह्या लोकांचे मुख्य मागणे पैशाचे नाहीच. ते म्हणतात, यंत्राची माहितीपुस्तिका द्या, ड्रायव्हर आम्ही लिहितो. आपण डिझेल इंजिन घेतो तेव्हा पुस्तिका मिळते, म्हणून गावचा फिटर ते उघडू शकतो. संगणकाच्या भागांबाबत मात्र पुष्कळदा पुस्तिका कुलपात ठेवून, मूळ लेखन लपविलेला तयार ड्रायव्हर हाती देतात. ओपनबीएसडीवाले तो आपल्या प्रणालीत घेत नाहीत. काहींना हा हट्ट वाटतो. मला तो रास्त वाटतो. आत काय आहे ते दिसत नाही, आणि कारखानदाराने लक्ष काढून घेतले की यंत्र चालू असून बाद होते. आमच्या शाळेत हेच झाले.

कारखानदारांचे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे नाही. धंद्यातली गुपिते असतात, प्रतिस्पर्धी टपलेले असतात. पण यंत्र कसे बनवितात हे कोणी मागत नाही. ते कसे चालवावे एवढेच मागतात. एएमडी कंपनीने २००७ साली आपल्या चित्रदर्शक भागांची माहिती खुली करण्यास आरंभ केला. त्यामुळे तिचा धंदा बुडाला नाही. एनव्हिडियाने पुष्कळ वर्षे दार लावून घेतले होते. २०१२ साली टोरवाल्ड्स ह्यांनी भर सभेत त्या कंपनीला, रेडिओवर उच्चारता येणार नाही, असा शब्द वापरला! २०२२ साली तिनेही ड्रायव्हरचा काही भाग खुला केला.

आमच्या गुरुजींनी पुढे नवा प्रिंटर घ्यायचे ठरविले. दुकानदार म्हणाला, "लिनक्स? चालेल की." गुरुजी काही बोलले नाहीत. पिशवीतून शाळेचा लिनक्स घातलेला लॅपटॉप काढला, तिथल्या तिथे जोडला. पहिल्या प्रिंटरवर काही उमटले नाही, दुसऱ्यावरही नाही. तिसऱ्यातून सातवीचे वेळापत्रक बाहेर आले. तेव्हा त्यांनी पैसे मोजले.