ऑनलाईन लिलावात वस्तूचे वर्णन कसे करावे

(ग्रामपंचायत सचिव, शिक्षक व स्वयंसाहाय्य गटांच्या भगिनींसमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



पावणी हा शब्द गोमंतकीयांना नवा नाही. देवळातील फळफळावळीची पावणी, काजू बागायतींची पावणी, बाजारातील सोपोची पावणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. या पावणीत एक मोठी सोय असते. केळीचा घड सर्वांसमोर टांगलेला असतो. तो किती भरला आहे, कुठे डाग पडला आहे, हे बोली लावणारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. त्यामुळे पुकारा करणाऱ्याला घडाचे वर्णन करावे लागत नाही.

ऑनलाईन लिलावात नेमकी हीच सोय नाहीशी होते. वस्तू काणकोणच्या घरात असते आणि घेणारा बेळगावला, इंदूरला किंवा आणखी दूर असतो. आपण लिहिलेल्या दहा-बारा ओळी आणि जोडलेली छायाचित्रे यांवाचून त्याच्यापाशी दुसरा आधार नसतो. त्याला जे कळत नाही ते तो वाईटच धरून चालतो आणि तेवढी बोली कमी लावतो. म्हणून वर्णन करणे म्हणजे वस्तूची स्तुती करणे नव्हे, तर घेणाऱ्याच्या मनातील प्रश्नांना त्याने विचारण्यापूर्वी उत्तर देणे होय. आजच्या भाषणाचा सारा मथितार्थ एवढाच आहे.

या व्यवहाराचा आरंभच मुळी एका मोडक्या वस्तूच्या विक्रीने झाला असे सांगतात. १९९५ साली पियेर ओमिड्यार यांनी अमेरिकेत जे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले, तेच पुढे ईबे या नावाने जगप्रसिद्ध झाले. तेथे विकल्या गेलेल्या पहिल्या वस्तूंपैकी एक होता बिघडलेला लेझर पॉइंटर. त्याला १४.८३ डॉलर मिळाले. तो बिघडलेला आहे हे तुमच्या ध्यानात आले आहे ना, असे ओमिड्यार यांनी घेणाऱ्यास विचारले, तेव्हा आपण बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो असे उत्तर आले. प्रत्येक मोडक्या वस्तूला असे गिऱ्हाईक मिळेल असे नाही. परंतु दोष उघड सांगितल्याने गिऱ्हाईक पळते, ही आपली समजूत मात्र या हकिकतीवरून तपासून पाहावी.

या समजुतीची शास्त्रीय बाजू जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडली. जुन्या मोटारींच्या बाजारात चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. मग घेणारा सर्वच गाड्यांना बेताचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे खराब गाड्या उरतात. ॲकरलॉफ यांना २००१ सालच्या अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिकात सहभाग मिळाला. आपल्यापुरता बोध असा की, वस्तू चांगली असूनही वर्णन मोघम असेल, तर तिला वाईट वस्तूची किंमत येते.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. प्रथम शीर्षक. घेणारा शोधाच्या चौकटीत काही शब्द लिहितो आणि ते शब्द शीर्षकात असतील तरच आपली वस्तू त्याच्यापुढे येण्याचा संभव अधिक. ‘अतिशय दुर्मिळ व सुंदर जुने नाणे’ या शीर्षकातील एकही विशेषण कोणी शोधावयास जात नाही. त्याऐवजी ‘पोर्तुगीज इंडिया, एक रुपिया, १९५२, तांबे-निकेल’ असे लिहावे. देश, मूल्य, वर्ष व धातू या चार गोष्टी संग्राहकास पुरेशा होतात. हेच इतर वस्तूंचे. वस्तूचे नाव, बनवणाऱ्याचे नाव, माप व स्थिती हा क्रम ध्यानी धरावा.

त्यानंतर वर्णन. वजन व मापे अंदाजाने देऊ नयेत, मोजून द्यावीत. वस्तूवर शिक्का किंवा क्रमांक असेल तर तो जसाच्या तसा उतरवावा. पहिल्या दोन-तीन ओळींतच दोष सांगावा. कडेला खाच आहे, कप्प्याची किल्ली हरवली आहे, घड्याळ चालत नाही, असे स्पष्ट लिहावे. जे तपासलेले नाही ते ‘तपासलेले नाही’ असेच लिहावे. वस्तू चकचकीत करण्याच्या मोहात पडू नये. नाणे घासून उजळले की त्याचे मोल संग्राहकाच्या दृष्टीने घटते.

वस्तूमागे काही इतिहास असेल तर तोही सांगावा, मात्र पुराव्यासह. टोकियो ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेते नीरज चोप्रा यांनी पंतप्रधानांना भेट दिलेला भाला २०२१ साली सरकारी ई-लिलावात दीड कोटी रुपयांना गेला. ही किंमत धातूची नव्हती, तर भाला कोणाचा याविषयी शंकेला जागा नव्हती म्हणून आली. याउलट ‘आजोबांना गव्हर्नरसाहेबांनी दिलेले घड्याळ’ एवढ्याने भागत नाही. पत्र, पावती किंवा जुने छायाचित्र असेल तर ते दाखवावे, नसेल तर ‘घरात असे सांगत’ इतकेच म्हणावे.

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, साध्या एकरंगी कापडावर, सर्व बाजूंनी काढावीत. शेजारी मोजपट्टी ठेवावी. दोषाचे छायाचित्र स्वतंत्र असावे. दुसरीकडून उचललेले, तशाच दुसऱ्या वस्तूचे छायाचित्र कदापि वापरू नये. ती फसवणूकच होय.

आरंभीची किंमत हा विचाराचा विषय आहे. वस्तू पुष्कळांना हवी असेल तर किंमत कमी ठेवावी, म्हणजे बोली लावणारे जमतात आणि चढाओढ लागते. मागणी एखाद-दुसऱ्याचीच असेल तर ज्याखाली वस्तू द्यावयाची नाही तोच आकडा आरंभी ठेवावा. ईबेसारख्या ठिकाणी घेणारा आपली कमाल मर्यादा गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. अंतिम किंमत त्यामुळे बहुधा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या थोडी वर राहते. अर्थात एक नव्हे, दोन माणसांना तरी वस्तूची खात्री पटली पाहिजे. चढाओढ वाढावी म्हणून भावाकडून वा मित्राकडून खोटी बोली लावून घेणे हा उघड अपप्रकार आहे.

शाळा व पंचायतींच्या सामानाविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. १९६४ साली स्थापन झालेली एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी आज शासकीय भंगाराच्या विक्रीसाठी ई-लिलाव चालवते. अशा लिलावात माल ‘जसा आहे, जेथे आहे’ या अटीवर विकला जातो. ही अट म्हणजे त्रोटक लिहिण्याचा परवाना असे आपण समजतो, ते बरोबर नाही. ‘शाळेचे जुने सामान, एक लॉट’ या ओळीवर दूरचा व्यापारी येत नाही. येतो तो जवळचा, ज्याने माल पाहिलेला असतो, आणि तो आपल्या सोयीची किंमत देतो. त्याऐवजी लोखंडी बाके किती, लाकडी किती, मंगळुरी कौले अखंड किती व फुटकी किती, वासे कोणत्या लाकडाचे, ट्रक आवारापर्यंत येतो की नाही, माल पाहण्याचे दिवस व वेळ कोणती, उचल किती दिवसांत करावयाची, हे सर्व लिहावे. निर्लेखनाची मंजुरी घेऊन डेड स्टॉक रजिस्टरशी आकडे ताडून पाहावेत. निरुपयोगी संगणक वेगळे काढावेत, कारण २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच जावयास हवेत. त्यांतील विद्यार्थ्यांची माहिती आधी पुसून टाकावी. जो पैसा यातून येतो तो मुलांच्या व गावाच्या हक्काचा आहे. तो एका मोघम ओळीपायी घालवू नये.

काही वस्तू लिलावात मांडण्यापूर्वी कायदा पाहावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती व कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत आणि देशातही त्यांच्या व्यापारास परवाना लागतो. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. म्हणजे १९५२ ची रुपिया निराळी आणि १८८२ ची निराळी. हस्तिदंत, सांबरशिंगे यांसारख्या वस्तूंचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, मग त्या घरात कितीही वर्षे असोत.

एक धोक्याची सूचना विशेषतः भगिनींसाठी. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असे म्हणणारा गिऱ्हाईक नसून भामटा आहे. रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री केल्यावाचून वस्तू हातावेगळी करू नये.

शेवटी, वर्णन लिहून झाल्यावर ते अशा माणसास वाचून दाखवावे, ज्याने ती वस्तू पाहिलेली नाही. शिक्षकांनी हे काम वर्गातील मुलांकडून अवश्य करून घ्यावे, निबंधाचा तो उत्तम वर्ग होईल. ऐकणाऱ्याने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर वर्णनात राहून गेले असे समजावे, ते घालावे आणि मगच लिलाव जाहीर करावा. पार्सल उघडल्यावर घेणाऱ्यास वर्णनात होते तेच दिसले, तर पुढल्या खेपेस तो आपले नाव पाहून बोली लावील.