पडद्याखालच्या दोन ओळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परदेशी चित्रपट पाहताना पडद्याच्या तळाशी ज्या दोन ओळी येतात आणि जातात, त्यांना आपण सबटायटल्स म्हणतो. त्या कुणी लिहिल्या याचा विचार सहसा कुणी करत नाही. ओळ चांगली जमली असेल, तर ती वाचल्याचंही लक्षात राहत नाही. आज मी अशाच ओळींबद्दल बोलणार आहे. त्यातही पैसे न घेता, हौसेनं लिहिलेल्या ओळींबद्दल. मी जपानी शिकले आणि गेली काही वर्षं फावल्या वेळात हे काम करते. माझा विषय जरा आडवाटेचा आहे. जपानमध्ये थोडक्या पैशांत काढलेले, फारसे कुणाला ठाऊक नसलेले असे चित्रपट, ज्यांत एखादी साधीसुधी मुलगी वेळ येताच मुखवटा चढवते आणि दुष्टांशी दोन हात करते.

ही नायिका आली कुठून? जपानी दूरचित्रवाणीवर १९७५ साली ‘हिमित्सु सेंताई गोरेंजर’ ही मालिका सुरू झाली. पाच रंगांचे पाच वीर आणि त्यांत गुलाबी पोशाखातली एक तरुणी. त्याच वर्षी ‘कामेन रायडर स्ट्राँगर’मध्ये ‘टॅकल’ नावाची लढवय्यी आली. १९९० मध्ये ‘बिशोजो कामेन पोवात्रिन’ या मालिकेत तर शाळकरी मुलगीच मुख्य नायिका झाली. तोवर घरोघरी व्हिडिओ पोहोचला होता. तोएई या कंपनीनं १९८९ पासून ‘व्ही-सिनेमा’ या नावानं थेट कॅसेटसाठी चित्रपट काढायला सुरुवात केली. चित्रपटगृहाची भानगडच नाही. इतर लहानमोठ्या कंपन्याही त्या वाटेनं गेल्या आणि मुखवटेवाल्या नायिकांना कॅसेटच्या दुकानात एक कोपरा मिळाला. त्या कोपऱ्यात केवळ प्रौढांसाठी काढलेल्या, नायिकेची विटंबना हाच विषय असलेल्या कॅसेटही होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. मी त्यांच्या वाटेला जात नाही. पण बाकीच्यांनाही त्यामुळे जी सरसकट नाकं मुरडली जातात, ती मला पटत नाहीत.

पैसा कमी असला की डोकं कसं चालतं, ते पाहायचं तर केइता आमेमिया यांचा १९९१ चा ‘झेइराम’ पाहावा. इरिया ही इनामासाठी गुन्हेगार पकडणारी परग्रहावरची तरुणी. ती एका भयंकर राक्षसाला शहराच्या हुबेहूब प्रतिकृतीत कोंडते. त्या शहरात माणूस एकही नाही. कल्पना उत्तम, शिवाय गर्दीच्या दृश्यांचा खर्च वाचला! तोचिगी प्रांतात इवाफुने इथे दगडाची एक खाण आहे. या प्रकारातले असंख्य स्फोट तिथेच झाले आहेत. नेहमीचे प्रेक्षक तिला आपल्या गावच्या टेकडीसारखी ओळखतात.

आता मुद्द्यावर येते. पैसा नसताना साध्या मुलीची वीरांगना झाली हे दाखवायचं कसं? थोडा धूर, थोडा लखलखाट. बाकी सगळा भार बोलण्यावर. जपानीत ‘मी’साठी वाताशी, आताशी, बोकु, ओरे असे कितीतरी शब्द आहेत. समोरच्यासाठी आनाता, किमी, ओमाए, आणि शत्रूसाठी किसामा. दुकानात गिऱ्हाइकाशी अदबीनं बोलणारी मुलगी मुखवटा चढवल्याबरोबर ‘किसामा’ म्हणून कडाडते, तेव्हा ती बदलली हे आपल्याला डोळ्यांपेक्षा कानांनी कळतं. इंग्रजी सबटायटलमध्ये मात्र दोन्हीकडे एकच ‘यू’. मग प्रेक्षकाला दिसते ती फक्त रंगीत कपडे घातलेली तीच मुलगी. तो हसतो आणि म्हणतो, काय स्वस्तातला चित्रपट आहे! स्वस्तातला आहेच. पण त्यात जे होतं, तेही आपण त्याच्यापर्यंत पोहोचवलं नाही. चित्रपट जितका गरीब, तितकी अनुवादकाची जबाबदारी मोठी, असं मला वाटतं ते यामुळे.

हे चित्रपट पाहणारे जगभर विखुरलेले असल्यामुळे मी बहुतेक काम इंग्रजीत करते. पण घरच्यांसाठी दोन-तीन चित्रपट मराठीत केले आणि मोठी गंमत वाटली. तू, तुम्ही, आपण हे आपल्याकडे आहेच. बायको नवऱ्याला ‘आनाता’ म्हणते, तिथे मराठीत सरळ ‘अहो’ येतं. घराबाहेर पडताना जपानी माणूस ‘इत्तेकिमासु’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘जाऊन येतो’. आपणही ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. जिवावरच्या लढाईला निघालेली मुलगी आईला रोजच्याच सुरात ‘येते हं’ म्हणते, तेव्हा त्या दोन शब्दांत काय आहे, हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

मराठीत एक अडचणही आहे. जपानी क्रियापदाला लिंग नसतं. ‘किता’ म्हणजे आला, आली, आलं, काहीही. मुखवट्याआड पुरुष आहे की बाई, हे ज्या गोष्टीत गावाला कळायचं असतं, तिथे मराठी ओळ पहिल्याच वाक्यात सगळं फोडून टाकते. पण वाटही मराठीच दाखवते. ‘कुणीतरी आलं’ म्हणता येतं. ‘मला वाचवलं’ म्हटलं की वाचवणारा की वाचवणारी, हे झाकलेलं राहतं. अशा वाटा शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते, पण ती वाया गेली असं कधी वाटत नाही.

तिसरी गोष्ट नाव पुकारण्याची. लढण्याआधी आपण कोण हे ललकारून सांगायचं, याला जपानीत ‘नानोरी’ म्हणतात. जुने योद्धे रणांगणावर असं करत. काबुकी रंगभूमीवर कावाताके मोकुआमी यांच्या १८६२ च्या नाटकात पाच चोर नदीकाठी ओळीनं उभे राहतात आणि एकेक जण आपली ओळख सांगतो. सात आणि पाच मात्रांची ती लय प्रसिद्ध आहे. मुखवटेवाल्या वीरांच्या ललकाऱ्या याच घराण्यातल्या. त्यांचा नुसता अर्थ लिहिला, तर सरकारी फॉर्म भरल्यासारखं वाटतं. मराठीत मी मात्रा मोजत बसत नाही. ओळ पोवाड्याच्या ठेक्यात मोठ्यानं म्हणून पाहते.

पण ठेका साधायला जागा किती? जास्तीत जास्त दोन ओळी आणि फार तर सहा-सात सेकंद. जपानमध्ये सबटायटल लावलेला पहिला परदेशी बोलपट ‘मोरोक्को’ १९३१ मध्ये दाखवला गेला. सेकंदाला चार अक्षरं, असा तिथल्या अनुवादकांचा हिशेब आहे. आपली लिपी वेगळी, हिशेब वेगळा. पण चित्र पाहता पाहता ओळी वाचायला वेळ लागतो, हे सगळीकडे सारखंच. म्हणून काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं.

त्यात हौशी माणसाच्या हाती संहिता नसते. सगळं कानांनी टिपायचं. मुखवट्याआड ओठ दिसत नाहीत आणि आवाज बहुधा नंतर भरलेला असतो. पाच मुखवटे उभे असताना बोलतंय कोण, हे मान कुणाची हलते त्यावरून ओळखायचं. गंमत म्हणजे गुलाबी पोशाखात अनेकदा पुरुष असे. मान हलवणारा एक, आवाज दुसरीचा.

आता थोडं नाजूक बोलायचं आहे. हे काम कायद्यात बसतं का? अनुवादाचा हक्क मूळ कर्त्याचा असतो. ॲमस्टरडॅमच्या न्यायालयानं २०१७ मध्ये परवानगीविना केलेल्या हौशी सबटायटल्सच्या विरोधात निकाल दिला. १९८० च्या दशकात अमेरिकेतले जपानी कार्टूनपटांचे शौकीन घरच्या संगणकावर कॅसेटला ओळी जोडू लागले, तेव्हापासून या मंडळींचा एक अलिखित नियम आहे : विकायचं नाही आणि अधिकृत आवृत्ती आली की आपली काढून घ्यायची. हा नियम मी पाळते. कोणत्या क्षणी कोणती ओळ यावी, एवढंच लिहिलेली छोटी फाइल मी देते. चित्रपट देत नाही. हक्क कुणाकडे आहेत हे कळलं, तर आधी पत्र लिहिते. एवढ्यानं कायद्याचा प्रश्न सुटत नाही, हे मला ठाऊक आहे.

पण दुसरीकडे घड्याळ चालू आहे. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. चुंबकीय फितींवरचा ठेवा वाचवण्यासाठी २०१९ मध्ये युनेस्कोनं जगभर पाहणी हाती घेतली. २०२५ च्या सुमारास फिती चालवणारी यंत्रं मिळणं दुरापास्त होईल, असा तेव्हाचा इशारा होता. मोठ्या दिग्दर्शकांचे चित्रपट कुणीतरी जपेल. पण एखादी लहान कंपनी बंद पडली, तिची कॅसेट डिस्कवर कधी आलीच नाही, तर ती कोण जपणार? जी गोष्ट कुणाला समजत नाही, ती जपावी असंही कुणाला वाटत नाही. सबटायटलचा उपयोग इथे होतो. दोन माणसांनी चित्रपट समजून पाहिला, तर तिसरा निदान विचारतो, याची प्रत कुठे आहे?

सगळ्यात जास्त वेळ मला शेवटच्या पाटीला लागतो. तिच्यावर काम करणाऱ्यांची नावं असतात. उंचावरून उड्या मारणाऱ्या, धुरात पडणाऱ्या मुलींची नावंही तिथेच. त्यांचा चेहरा चित्रपटभर मुखवट्याआड असतो. नाव तेवढं चार सेकंद दिसतं. आणि जपानी नावं वाचणं अवघड. एकाच दोन चिन्हांचं नाव कुणाचं ‘युको’ असतं, तर कुणाचं ‘हिरोको’. मग जुन्या कॅसेटची वेष्टनं, त्या काळातली मासिकं चाळायची, दुसऱ्या एखाद्या चित्रपटात तेच नाव उच्चारासह छापलंय का, ते शोधायचं. सापडलं तर लिहायचं. नाही सापडलं तर मूळ चिन्हं तशीच ठेवायची आणि पुढच्या कुणासाठी ती जागा मोकळी सोडायची. अंदाजानं कुणाचं नाव बदलू नये, एवढं पथ्य मी पाळते.