खेळांतील पात्रानें काय बोलावें?

इ. स. १८४३ च्या नोव्हेंबरच्या पांच तारखेस सांगली येथें ‘सीतास्वयंवर’ नांवाचें नाटक झालें. सांगलीचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयास असलेल्या विष्णु अमृत भावे या तरुणानें तें रचलें होतें. त्या दिवसाची आठवण म्हणून पांच नोव्हेंबर हा मराठी रंगभूमिदिन पाळला जातो, हें सर्वश्रुत आहे. परंतु त्या नाटकाचा एक विशेष तितकासा सर्वश्रुत नाहीं. त्यांतील पात्रांना संवाद लिहून दिलेले नव्हते. पदें रचलेलीं होतीं, आणि तीं सूत्रधार म्हणे. पदांतून कथा पुढें सरकली कीं पात्रानें त्या प्रसंगास शोभेल असें गद्य आपल्या पदरचें बोलावें, अशी रीत होती. धनुष्य मोडावयाचें आहे हें रामाचें सोंग घेतलेल्या नटास ठाऊक असे. मोडण्यापूर्वीं जनकाशीं काय बोलावें, हें त्याचें त्यानें ठरवावयाचें.

सोंग एकाचें, तर शब्द कोणाचे? गेल्या अर्धशतकांत संगणकाच्या पडद्यावर खेळांची जी एक जात फोफावली आहे, तिच्या कर्त्यांना याच प्रश्नानें भंडावून सोडलें आहे. या खेळांना ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. मराठींत सोंगांचे खेळ म्हटलें तरी चालेल. खेळणारा मनुष्य एखादें सोंग घेतो, योद्ध्याचें, मांत्रिकाचें, चोराचें, आणि त्या नात्यानें एका कल्पित मुलखांत हिंडतो. वाटेंत माणसें भेटतात. तीं कांहीं विचारतात, आणि त्यांना उत्तर द्यावें लागतें. बाण कसा मारावा हें यंत्राला समजावून देणें सोपें आहे. माणसाला उत्तर कसें द्यावें हें समजावून देणें फार कठीण.

या खेळांचा उगम संगणकावर झालाच नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला, तो मेजाभोवतीं बसून, कागद, पेन्सिल व फांसे घेऊन खेळावयाचा होता. कांहीं जण पात्रें होतात. एक जण कथा सांगतो आणि निवाडाही देतो. ‘मी दार ठोठावतों आणि आंतल्या म्हाताऱ्याला अमुक म्हणतों,’ असें एकानें म्हटलें कीं कथेकऱ्यानें म्हाताऱ्याच्या तोंडून तत्काळ उत्तर द्यावयाचें. विष्णुदासांच्या सूत्रधारास हा मेळा फारसा परका वाटला नसता.

कथेकऱ्याच्या जागीं यंत्र आलें आणि अडचण सुरू झाली. यंत्र उत्तर देतें, पण तें आधीं कोणी तरी लिहून ठेवावें लागतें. १९८५ सालच्या रिचर्ड गॅरियट याच्या ‘अल्टिमा’ मालिकेंतील चौथ्या खेळांत खेळाडू एकेक शब्द टंकून प्रश्न विचारी: नांव, धंदा, प्रकृति. समोरचा मनुष्य त्या शब्दापुरतें बोले, आणि अनोळखी शब्द आला तर आपण याबाबत मदत करूं शकत नाहीं असें सांगे. बोलणें असें तुटपुंजें. पण त्याच खेळांत मुळ्या-पाले विकणारी एक आंधळी बाई आहे. ती मालाची किंमत सांगते, आणि किती पैसे द्यावयाचे तें खेळाडूनेंच सांगावयाचें असतें. कमी दिले तरी तिला कळत नाहीं. ती कांहीं म्हणत नाहीं, पडद्यावर कसली सूचना उमटत नाहीं. मात्र खेळाच्या हिशेबांत ती लबाडी नोंदली जाते, आणि प्रामाणिकपणाच्या कसोटीस उतरावयाची वेळ आली कीं ती आडवी येते. पुढील काळांतल्या पुष्कळ दिमाखदार खेळांत याहून चांगली निवड सांपडत नाहीं.

पुढें टंकण्याची रीत मागें पडली आणि तयार वाक्यांची यादी आली. समोरचा बोलतो, खालीं तीन-चार उत्तरें दिसतात, एक निवडावयाचें. येथें अंकगणित आडवें येतें. प्रत्येक वळणावर दोनच उत्तरें ठेवलीं आणि प्रत्येकाचा मार्ग खरोखरच निराळा नेला, तर दहा वळणांनंतर १०२४ शेवट लिहावे लागतात. तीन उत्तरें ठेवलीं तर ५९०४९. इतकें लिहिणें कोणास शक्य आहे? म्हणून लेखक फांद्या फुटूं देतात आणि थोड्याच अंतरावर त्या पुन्हां एका खोडाला जोडतात. यांत फसवणूक आहे असें पुष्कळ खेळाडू म्हणतात, आणि पुष्कळदां तें खरेंही असतें: तीन वाक्यांतलें कोणतेंही उच्चारा, समोरचा तेंच एक उत्तर देतो. तरीसुद्धां फांद्या जोडणें हा दोष नव्हे. सांगलीच्या रामानें जनकाशीं नम्रतेनें बोलावें कीं तेजस्वीपणें, धनुष्य मोडणारच होतें. पण चांगला जनक रामाचें बोलणें ऐकून आपला स्वर बदलीत असला पाहिजे, आणि समोर बसलेल्यांना तो बदल जाणवत असला पाहिजे. फसवणूक होते ती शेवट एकच असल्यामुळें नव्हे, तर समोरच्यानें ऐकलेंच नाहीं म्हणून.

एकाच वाक्याचें दुहेरी मोल ओळखणारा एक खेळ १९९९ सालीं निघाला, ‘प्लेनस्केप टॉर्मेंट’. त्याच्या याद्यांत कधीं कधीं तेंच वचन दोनदां दिसतें. एकामागें ‘खरें’ अशी खूण, दुसऱ्यामागें ‘खोटें’ अशी. ऐकणाऱ्याच्या कानीं दोन्ही सारखींच पडतात. फरक आहे तो बोलणाऱ्याच्या मनांत, आणि तो मनांतला फरक खेळ लक्षांत ठेवतो. याच्या उलट २००७ सालच्या ‘मास इफेक्ट’नें वाक्यांऐवजीं एक चक्र आणलें. चक्रावर दोन-तीन शब्दांचा मथळा. तो निवडला कीं नट पूर्ण वाक्य बोलून दाखवी. सौम्य उत्तर वरच्या अंगास, कठोर खालच्या अंगास, अशी जागाही ठरलेली. म्हणजे न वाचतां बोट ठेवलें तरी भागे. २०१५ सालच्या ‘फॉलआउट ४’ मध्यें तर प्रत्येक वेळीं चारच त्रोटक मथळे, आणि आपलें पात्र त्यावर काय बोलणार याचा पुष्कळदां अंदाजच येईना. तेव्हां हौशी खेळाडूंनींच पूर्ण वाक्य आधीं दाखविणारी जोडणी तयार करून खेळास चिकटविली. सोंग घेतलेल्या मनुष्याला आपण काय बोलणार आहों हें बोलून झाल्यावर कळावें, ही विचित्र स्थिति खरीच.

सातारा-सांगलीच्या बाजूस याविषयींचा दुसरा, अधिक रांगडा अनुभव सांठलेला आहे. तो तमाशाच्या फडांत. हा मुलूख पूर्वीं एकच होता. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. तासगांव तालुक्यांतील सावळजच्या उमाबाबूचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग समजतात. तो १८६५ सालचा. वाळवें तालुक्यांतील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांना तर पठ्ठे बापूराव म्हणूनच महाराष्ट्र ओळखतो. वगांत गाणीं बांधलेलीं, कथेचा सांगाडा ठरलेला. संवाद मात्र पुष्कळ अंशीं उभ्या उभ्या रचलेले. आणि तेथें सोंगाड्या असे. राजा सिंहासनावर बसून न्याय सांगूं लागला कीं सोंगाड्यानें मध्येंच भलता प्रश्न विचारावयाचा, आणि राजानें राजेपण न सोडतां त्यास उत्तर द्यावयाचें. उत्तर न सुचलें तर हंशा राजावर. संगणकाच्या खेळांत ही सोंगाड्याची जागाच मुळीं नसते. तेथें खेळाडू भलतें कांहीं विचारूं शकत नाहीं. जें विचारतां येईल तेवढेंच यादींत असतें.

आतां यंत्रालाही उत्स्फूर्त बोलतां येऊं लागलें आहे. मनांत येईल तें टंकावें आणि समोरच्या पात्रानें त्यास सुसंगत उत्तर द्यावें, असे प्रयोग होत आहेत, आणि यादीचे दिवस संपले असें कित्येकांस वाटूं लागलें आहे. त्यांनीं मराठी रंगभूमीचा पुढील इतिहास पाहावा. विष्णुदासांच्या पद्धतीचे खेळ गांवोगांव पसरले, तसे पदरच्या भाषणांत राक्षसांचा आरडाओरडा आणि ठरीव आलंकारिक बडबड माजली. १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने यांनीं ‘थोरले माधवराव पेशवे’ हें संवाद लिहिलेलें नाटक रचलें. अशा नाटकांना लोक ‘बुकिश’ म्हणत. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ आलें, आणि सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनीं १८९९ मध्यें ‘शारदा’ दिलें. लिहिलेल्या शब्दानें उत्स्फूर्त शब्दाला हटविलें, तें उत्स्फूर्त बोलणाऱ्यांपाशीं शब्द कमी पडले म्हणून नव्हे. शब्द उदंड होते. त्यांना बांध राहिला नव्हता. पदांचा सांगाडा भक्कम असेतों पदरचें गद्य शोभलें. यंत्राच्या गप्पांनाही कोणी तरी पदें रचून द्यावीं लागतील.

या सर्वांत मराठी खेळाडूची अडचण निराळीच आहे. मिरजेचा किंवा कऱ्हाडचा मुलगा हे खेळ खेळतो ते बहुधा इंग्रजींत, म्हणजे परक्या भाषेंतल्या चार वाक्यांतून एक निवडतो. केवळ भाषांतर करून हें भागावयाचें नाहीं. इंग्रजींत समोरच्यास संबोधावयास एकच शब्द आहे. मराठींत तूं, तुम्ही आणि आपण यांतून निवड केल्यावांचून तोंडच उघडत नाहीं. शिवाय इंग्रजींत ‘येतों’ आणि ‘येतें’ यांस एकच रूप पुरतें. मराठींत नायक पुरुष कीं स्त्री, यावर बहुतेक वाक्यें दोनदां लिहावीं लागतील. ‘तूं आलास’ आणि ‘तूं आलीस’ हींही वेगळीं. परंतु मानानें ‘तुम्ही आलात’ म्हटलें कीं भेद मावळतो, भविष्यकाळीं ‘मी येईन’ म्हटलें तरी मावळतो, आणि कोल्हापूरच्या बाजूच्या कित्येक बायका तर सरळ ‘मी आलो’ म्हणून मोकळ्या होतात. खेळ लिहिणाऱ्यास हें ओझें वाटेल. पण परक्या खेळांना चक्रें व खुणा लावून जें दाखवावें लागतें, त्यांतलें पुष्कळसें येथें एका सर्वनामांत भरलेलें आहे.

समजा, १९४३ सालचें कुंडल आहे. सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकारचा अंमल सुरू झालेला, पोलिसांचे खबरे फिरताहेत. रात्रीं एका घराची कडी वाजते, घरांत बाई एकटी आहे, आणि खेळाडूनें त्या बाईचें सोंग घेतलें आहे. बाहेर भूमिगत कार्यकर्ता आहे कीं खबऱ्या, हें तिला ठाऊक नाहीं. तिच्यापुढें तीन वाक्यें असावींत: ‘कोण रं तू?’ ‘कोण पाव्हणं?’ ‘आपण कोण?’ तिहींचें इंग्रजी भाषांतर एकच होतें. पण पहिल्यानें बाहेरचा मनुष्य बिचकेल. तिसऱ्यानें त्याला कळेल कीं बाईनें आपणांस सरकारी मनुष्य समजून जपून बोलावयास सुरुवात केली आहे. आणि दुसरें उच्चारल्यावर त्याला पाणी विचारल्याशिवाय तिला दार लावून घेतां येणार नाहीं.